भाऊंच्या कॉम्प्युटरातला लाल टॅग

भाऊ गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या वाटेला लागले, आणि वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर भाऊंचा जुना कॉम्प्युटर होता.

"हा अर्ध्यावर येऊन अडतो," त्या म्हणाल्या. "त्यांची यादी आत आहे."

यादी अहिराणी शब्दांची. माझे थोरले भाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर जळगावात राहायला आले आणि आमच्या शिंदखेड्याकडचे शब्द अर्थासह उतरवत बसले. त्यात त्यांची शेवटची कित्येक वर्षं गेली. कागदावर त्यातलं काही नाही, दुसऱ्या कुणाकडे प्रत नाही. ती यादी गेली तर भाऊंचं ते सगळं काम गेलं.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. ग्रंथालयातली थकलेली मशीन मीच चालती ठेवली, कारण नवी मिळत नव्हती. त्या दिवसांत माझ्याकडून घरातलं एकही काम धड होत नव्हतं. भाजी करपायची, चहात साखर दोनदा पडायची. पण या खुर्चीत बसल्यावर हात स्थिर झाले.

आधी मी डिस्कचे भाग नीट पाहिले. सिस्टीमचा भाग वेगळा होता, फायलींचा वेगळा. मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क वाचायची पद्धत बदलली, आणि फायलींच्या भागाला हात न लावता सिस्टीम पुसून नव्यानं टाकली. दुपारपर्यंत काम झालं, मशीन स्वच्छ सुरू झालं. मी ते बंद करून चहाला गेले. परत येऊन बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

वहिनी मागेच उभ्या होत्या. त्या घाबरल्या की माहेरची प्रमाण भाषा विसरून आमच्या घरची बोलतात.

"बठ्ठं गयं का वं, माय?"

"काही गेलेलं नाही. डिस्क शाबूत आहे, मशीनला ती दिसत नाही एवढंच."

हे मी धीर द्यायला म्हटलं नव्हतं, मला खात्री होती. सेटिंगमध्ये जाऊन डिस्क वाचायची पद्धत पुन्हा बदलली, आणि मशीन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच ओळ. पुन्हा सेटिंग बदललं, पुन्हा सुरू. जेवून आले तर पुन्हा तेच. या वेळी मी घाई केली नाही. सेटिंगच्या पानावरची तारीख वाचली. ती कितीतरी वर्षं मागे गेली होती. मग भिंतीकडे पाहिलं. जेवून आले तेव्हा बोर्डाची सगळी बटणं बंद होती, मीच ती लावली होती.

"वहिनी, हा बोर्ड कोण बंद करतं?"

"मी. खोली सोडली की बोर्ड बंद. वीज केंद्रातल्या माणसाचं घर आहे हे. एकदा पंखा चालू राहिला तर तुझ्या भावानं मला तासभर लेक्चर दिलं होतं."

"आणि कॉम्प्युटरसुद्धा?"

"त्याला काय सोनं लागलंय?"

त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले. कॉम्प्युटरच्या आत रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग तो सांभाळतो. हा सेल संपला होता. बोर्ड बंद झाला की मशीन सगळं विसरायचं आणि डिस्क जुन्याच पद्धतीनं वाचू पाहायचं. मी घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, कॅबिनेट उघडलं, बसवला. मग वहिनींनाच बोर्ड बंद करून पुन्हा लावायला सांगितलं. मशीन सुरू झालं. तीनदा केलं, तीनदा सुरू झालं.

पण फायलींच्या भागात यादी नव्हती. वीजबिलं होती, नातवंडांचे फोटो होते. यादी नाही.

उघड्या कॅबिनेटमध्ये पुन्हा पाहिलं. खालच्या खणात दुसरी डिस्क होती, तिची वायर काढून ठेवलेली. वायरीला सुतळीनं लाल टॅग बांधला होता, त्यावर भाऊंचं अक्षर: 'जोडू नये.' मशीन रुसायला लागल्यावर त्यांनी आपलं काम आधी सुरक्षित केलं होतं. मी सुतळीला हात घातला.

"थांब," वहिनी म्हणाल्या. "ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा."

हा दीपनगरचा नियम. यंत्रावर काम करणारा माणूस बटणाला आपला टॅग बांधतो, आणि तो सोडेपर्यंत दुसरं कुणी ते बटण दाबत नाही, साहेबसुद्धा नाही. टॅग सोडायला भाऊंना कितीदा घरून बोलावून नेलेलं वहिनींनी पाहिलं होतं. मी हात मागे घेतला. यंत्राचं मला कळत होतं, पण इथे माझा अधिकार नव्हता.

"आणि माणूस येणारच नसेल तर?" मी विचारलं.

वहिनींनी वाकून टॅगवरचं अक्षर वाचलं.

"तर शिफ्टचा इनचार्ज स्वतः जाऊन बघतो. आत कुणी नाही याची खात्री करतो. वहीत लिहितो, सही करतो, मग सोडतो."

त्यांनी हिशेबाची नव्हे, नातवाची रेघी वही आणली. एका कोऱ्या पानावर लिहिलं: 'मी पाहिलं. माणूस येणार नाही.' खाली सही केली. मग बसून, नखांनी, न कापता, ती गाठ सोडवली. मी वायर जोडली.

यादी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी आधी तिच्या दोन प्रती पेन ड्राइव्हवर घेतल्या, मग वहिनींना वाचून दाखवायला लागले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. 'बिबडे: ज्वारीचे पापड,' मी वाचलं, आणि त्यांनी डोळे उघडले.

"एवढंच? भिजवणं नाही, शिजवणं नाही, गरम घाटा ओल्या कापडावर थापताना हात भाजतात ते नाही? नुसतं खाणाऱ्या माणसानं लिहिलंय हे."

"मग काय लिहू?"

त्यांनी खुर्ची ओढली.

"लिही. आधी ज्वारी निवडायची."