लहू गजभियेची उघडी गाडी

अमेरिकेच्या उत्तरेतल्या ईडन प्रेरीत निम्मं वर्ष बर्फाचं आणि उरलेलं निम्मं, बर्फ पुन्हा कधी पडेल या चिंतेचं. अशा गावात राहून लहू गजभियेने उघड्या टपाची गाडी घेतली. ओळखीचे सगळे हसले. त्याच्या बायकोला, भावनाला मात्र हसू आलं नाही, कारण गॅरेज त्या गाडीला मिळालं आणि भावनाची रोजची टोयोटा बाहेर बर्फात उभी राहिली.

तसा लहू काटेकोर माणूस. सॉफ्टवेअरची नोकरी, वेळेवर जेवण, दुकानात दुधाच्या प्रत्येक डब्याची तारीख बघून मगच उचलणार. पण ही गडद लाल, कातडी सीटांची सेकंडहँड गाडी बघितली आणि त्याचं डोकंच फिरलं. हिवाळाभर ती गॅरेजमध्ये चादर पांघरून झोपायची आणि हा दर रविवारी तिची बॅटरी चार्ज करायचा. टपाच्या कापडाला वेगळा साबण, वेगळा मऊ ब्रश. एवढ्या मायेने त्याने माझे पाय कधी चेपले नाहीत, असं भावना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. गाडी म्हणायला चार सीटांची, पण मागे बसणाऱ्याने गुडघे घरी ठेवून यावं. टप उघडला की घडी होऊन डिकीत जायचा, मग तिथे एक कोबी आणि कोथिंबिरीची जुडी तेवढी मावायची. तरी उन्हाळ्यात दोघं तळ्याकाठाने निघाली की भावना वेणीवर ओढणी बांधून बसायची आणि तिलाही मजा यायची, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये लहूची आई, रमाबाई, नागपूरहून आली. सहजासहजी आली नाही. चौदा एप्रिलची जयंती वस्तीत सोडून ती आजवर कुठेच गेली नव्हती. शेवटी लहूने फोनवर शब्द दिला, "आई, इथेपण मिरवणूक काढतो. बाबासाहेबांचा फोटो माझ्या उघड्या गाडीत, आणि पुढच्या सीटवर तू." तेव्हा कुठे ती तयार झाली. आता हे जमलं नाही तर आपण आईची जयंती बुडवली, ही बोचणी लहूला स्वस्थ बसू देईना. रोज उठून तो हवामानाचा अंदाज बघत होता.

मिरवणूक म्हणजे तरी काय, तर लहूचा मित्र अतुल याने बुक केलेला एक हॉल आणि त्याचं पार्किंग. बोटांवर मोजण्याइतकी कुटुंबं. रस्त्यावर जायला परवानगी काढावी लागते, म्हणून हॉललाच फेऱ्या घालायच्या असं ठरलं.

जयंतीच्या दिवशी ऊन पडलं, पण वारा हाडांत शिरत होता. लहूने टप उघडला, हीटर पूर्ण सोडला. बाबासाहेबांचा फोटो मागच्या सीटवर ठेवून त्याला हार घातला, वर सीटबेल्टही लावला. मग पुढचं दार उघडून म्हणाला, "बस, आई."

पांढऱ्या साडीवर भावनाचं जाड जॅकेट चढवून रमाबाई निळा झेंडा धरून उभ्या होत्या. "मी नाही बसत," त्या म्हणाल्या.

"अगं, तुझ्यासाठी सीट वॉर्म केली आहे. तुझे गुडघे बघ."

"गुडघे माझे आहेत, मी पाहून घेईन."

लहूचा चेहरा उतरला. "दरवर्षी पुढारी जीपमध्ये बसायचे आणि तू पुढे उन्हात चालायचीस. आज पोराची गाडी आहे. आज तरी बस ना." ही गाडी त्याने का घेतली, ते भावनाला तेव्हा कळलं.

रमाबाई हसल्या. "येडा रे तू. मला जागा भेटत नव्हती असं वाटलं तुला? बसा बाई, बसा बाई म्हणून मागे लागायचे सगळे. मीच नाही बसली. मी बसली तर घोषणा कोण देईल? बायकांना पुढे कोण नेईल? मी चालते म्हणून मिरवणूक निघते, पोरा."

इतकी वर्षं लहू आईसाठी मनात हळहळत आला होता आणि आई मात्र तिच्या हक्काच्या जागी होती. त्याने दार लावलं आणि किल्ली भावनाच्या हातात ठेवली. "तू चालव," तो म्हणाला. आजवर त्याने तिला त्या स्टिअरिंगला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं.

रमाबाई पुढे निघाल्या. लहू त्यांच्याशेजारी, पलीकडे कुत्रा फिरवणाऱ्या बाईकडे संकोचून, चोरून बघत. मंडळी गाडीच्या मागे. रमाबाईंनी झेंडा उंचावून हाक दिली, "बाबासाहेब आंबेडकरांचा..." मागून "विजय असो" आलं ते पुटपुटल्यासारखं. रमाबाई थांबल्या, म्हणून गाडीही थांबली.

"उपाशी आहात का सगळे?" त्यांनी विचारलं आणि झेंडा लहूच्या हातात दिला. "तू दे आता."

ऑफिसच्या मीटिंगमध्ये लहूचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचत नसे. त्याने एकदा आईकडे बघितलं, झेंडा वर केला आणि घोषणा दिली. पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ऐकू गेली. "विजय असो" म्हणणाऱ्यांत रमाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. भावनाला समोरचं धूसर दिसायला लागलं. तिने डोळे पुसले, ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी मायलेकांच्या मागे हळूहळू नेऊ लागली.