कात्रणाची मागची बाजू

गावातलं साप्ताहिक बंद पडलं तेव्हा छापखान्याच्या मालकाने जुने अंक आमच्या वाचनालयाला देऊन टाकले. प्रत्येकाची एकच प्रत. वाचनालय म्हणजे वसईतल्या दोन खोल्या, एक कपाट आणि दर रविवारी कुलूप उघडणारी मी. एरवी मी मुंबईत कारकून. कपाटात ते गठ्ठे मावणार नव्हते, म्हणून तोडगा मीच काढला. महत्त्वाच्या बातम्या कापायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या, बाकीचं रद्दीत. खळही घरची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून शिजवलेली. एकदा चिकटलं की चिकटलं. या कामाचा मला भारी तोरा होता.

महत्त्वाचं काय, हे ठरवणारीही मीच. आम्ही गोखिवऱ्याला फ्लॅट घेतलेला, नळ होते पण पाणी नव्हतं, टँकर आला की हंडा घेऊन धावायचं. साहजिकच ‘पाणी’ लिहिलेली फाइल सगळ्यात जाड झाली.

एका रविवारी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी आली. मासळीची रिकामी पाटी तिने पायरीवर ठेवली आणि आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

“बाय, पेपरात माज्या पोराचा फोटू आलेला. तो दाकव.”

सात-आठ वर्षांपूर्वी वादळात होडी गेली, तीत तिचा एकुलता एक मुलगा होता. घरात त्याचा एकच फोटो. तो तिने संपादकांना छापायला दिला आणि परत काही मिळाला नाही. संपादकही पुढे वारले. तिने जपून ठेवलेला अंक घर गळून भिजला, त्याचा लगदा झाला.

मी वही उघडली. होडी, वादळ, कोळीवाडा, कशाचीच नोंद नव्हती. “मावशी, ती बातमी इथे नाही,” मी जरा ठसक्यातच म्हटलं.

“हाये. पैल्या पानावर हंडंवाल्या बायांचा मोर्चा होता. पान पालटलं का माजा पोर.”

मी ‘पाणी’ची फाइल उघडून मोर्चाचं कात्रण काढलं. ते माझं लाडकं कात्रण, कारण त्या मोर्चात मीही होते. कापताना मागे काय आहे ते पाहिलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण पाहिलं होतं. होडीबिडीचं काहीतरी, शेजारी लहानसा फोटो. कोळीवाड्यात माझं कोण होतं? मी खळ लावून मोकळी झाले होते.

ओलं फडकं ठेवून मी ते कात्रण तासभर सोडवत बसले. म्हातारी हलली नाही. कागदाचे पापुद्रे निघाले. मागच्या बाजूला शर्टाची कॉलर आणि एक कान तेवढा सुटला. बाकीचा चेहरा पुठ्ठ्यालाच राहिला, आणि खरवडायला गेले तर नखात काळा चोथा आला. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. ती त्या कानाकडे बघत राहिली.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी काहीतरी उद्योग काढते. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेप करायचं खूळ तेव्हा मी वाचनालयासाठी घेतलं होतं. मी टेपरेकॉर्डर तिच्यापुढे ठेवून बटण दाबलं. “मावशी, तो दिसायला कसा होता ते सांगा. मी नीट जपून ठेवते.”

तिने फिरत्या कॅसेटकडे एकदा पाहिलं.

“तोंड आठवत असतं तं मी हितं कशाला आली असती, बाय?”

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर माझा प्रश्न, तिचं हे एवढं वाक्य आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. कात्रणही आहे. पुढची बाजू मुळीच फाटली नाही. दुसऱ्या रांगेत डोक्यावर हंडा घेऊन मी उभी आहे, आणि माझा चेहरा अगदी स्वच्छ दिसतो.