पेंढ्याची काडी

लग्न होऊन मी पनवेलजवळच्या खाडीकाठच्या गावात आले. बाजारात बैलगाडीतला पेंढा घेताना सासूबाई आधी एक काडी चावून बघत. गोडसर लागली तरच म्हशीसाठी घ्यायच्या; खारट किंवा कुबट लागली तर गाडीवाल्याची खैर नसे. मला मेली लाजच वाटायची, भर बाजारात ही बाई रवंथ करतेय!

पुढे त्यांचे दात पडले आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. "नीट चाव. ती मुकी हाय, तिला सांगता येत नाय," त्या दटावायच्या.

शेवटच्या दुखण्यात सासूबाईंची वाचा गेली. त्यांना भरवण्याआधी पेजेचा एक घोट मी घेऊन बघायची. एकदा मीठ जास्त लागलं. मी तोंड वाकडं करून वाटी बाजूला ठेवली, तशा सासूबाई डोळ्यांतच हसल्या.