काऊन

आधीच सांगते, माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. घरी देव्हारा नाही, नवस नाही, पितर नाहीत, कोणाच्या अंगात येणं नाही. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. दिवा आपोआप विझला किंवा घरात काही विचित्र झालं की ते एवढंच म्हणायचे, "आधी बटन पाहा." त्यामुळे या पेजवरचे भुताटकीचे अनुभव मी वर्धा-देवळी बसमध्ये टाइमपास म्हणून वाचायचे आणि प्रत्येकाच्या शेवटी मनातल्या मनात म्हणायचे — बटन पाहा. आता स्वतःच लिहायला बसले आहे. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त लाज वाटते. मला पक्ष्यांची भीती वाटते. सगळ्या पक्ष्यांची. लोक हसतात, म्हणून मी सहसा सांगत नाही.

भीती म्हणते खरी, पण त्यात निम्मी किळस आहे. कोंबडीच्या पायाची ती खवल्यांची पिवळी कातडी... कावळा खाऊन झाल्यावर चोच दोन्ही बाजूंनी भिंतीला पुसतो, ते... आणि कबुतराचं घुमणं. घशात काहीतरी ओलं अडकलंय, ते गिळायचंही नाही आणि थुंकायचंही नाही, असा तो आवाज. ऐकला की माझ्याच घशात काहीतरी येतं.

पण नोकरी करायची तर रोज बाहेर पडावं लागतंच. मग सवयी लागल्या. बाराही महिने छत्री. देवळीच्या बसस्टँडवर कडुनिंबाखाली सावली असते, पण मी उन्हात उभी राहते. बसमध्ये खिडकी बंद. चिकन सेंटर यायच्या आधी रस्ता बदलायचा. आणि घर — पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, भाड्याच्या — ते मी पूर्ण बंद करून घेतलंय. गॅलरीला कबुतरांची जाळी. बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा आणि टेप. खिडक्यांना मच्छरजाळी. कूलर बाहेरून खिडकीला लावलेला, पण त्याच्या तोंडाशीही मी जाळी ठोकून घेतली. ती ठोकताना खालच्या घरमालकीण काकू जिन्यात उभ्या राहून पाहत होत्या.

"मॅडम, लहानपनी कोंबडीनं पयवलं का तुमाले?"

"तसं नाही काकू..."

"मंग काऊन भेता? चिमनी काय वाघ हाय का वं?"

काऊन म्हणजे का. आमच्याकडे सगळे असंच विचारतात. मलाही येतं, पण शाळेत वऱ्हाडी बोललं की मुली हसायच्या, म्हणून सुटलं.

हे झालं एप्रिलमध्ये. माझी ताई सिंदीला असते. तिला सातवा महिना होता, बीपी अचानक वाढलं आणि तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागलं. आई आणि जिजाजी तिच्याजवळ थांबले. तिची सव्वातीन वर्षांची मुलगी अन्वी बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे आली. मी ऑफिसमधून सुट्टी घेतली.

ताईनं दवाखान्यातूनच फोनवर समजावलं, "तिच्या खान्याचं लक्षात ठेवजो. पहिले काऊचा घास बाहेर ठेवा लागते. त्यानं खाल्ला, तिनं पायला, का मंग खाते ते."

"म्हणजे खरा कावळा?"

"नाई तं काय प्लास्टिकचा?" ताई हसली. मग दम लागला म्हणून थांबली. "बबली, डॉक्टर म्हणते, टेन्शन घ्याचं नाई. ते जेवली ना, का माह्यं अर्ध टेन्शन कमी होते."

"हा घास चिऊचा, हा घास काऊचा" मलाही माहीत आहे. आई सांगते, मला असं भरवायला लागलं की मी रडायचे.

पहिल्या संध्याकाळी मी वरण-भात कालवला, एक घास बाजूला काढला, किचनमध्ये नेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. बाहेर येऊन म्हणाले, "काऊ आला होता. खाऊन गेला."

अन्वीनं माझ्याकडे पाहिलं. मग गॅलरीच्या जाळीकडे पाहिलं.

"नाई आला."

आणि तोंड मिटलं.

गुरुवारी सकाळी दूध नाही. दुपारी खिचडी नाही, बिस्कीट नाही, मॅगीसुद्धा नाही. पाणी तेवढं प्यायची. मी प्रत्येक वेळी तोच खोटेपणा केला, आणि प्रत्येक वेळी ती आधी जाळीकडे पाहायची. काकू वर आल्या, तिला मांडीवर घेतलं. "खाय वं माय. नाई तं तुह्या मावशीले चिमनी घेऊन जाईन." पोरगी हसलीसुद्धा नाही. संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर धरला, रिकाम्या ताटलीवर नाही.

"जेवली का?"

"हो, पोटभर," मी म्हणाले.

आता दोन्हीकडे खोटं झालं होतं. मला झोप नाही लागली. गॅलरीची जाळी काढणं हा एकच उपाय होता आणि तो मला सुचतच नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते.

शुक्रवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर अन्वी कूलरसमोर चटईवर बसली होती आणि चावत होती. दोन्ही गाल भरलेले. ताटली नाही, डबा नाही. मला इतका आनंद झाला की मी धावलेच.

"अन्वी! काय खातेस गं?"

ती चावत राहिली.

"कोणी दिलं?"

"काऊन."

मला हसू आलं. एवढीशी पोर, आणि उलट विचारते — का म्हणून!

"सांग ना. कोणी दिलं?"

"काऊन," ती भरल्या तोंडानं परत म्हणाली.

काकूंनी दिलं असणार, असं धरून मी चालले. ताईला मेसेज केला, जेवली, आणि पहिल्यांदा तो खरा होता. मग जिन्यात जाऊन काकूंना थँक्यू म्हणाले.

"म्या कुठं देल्लं बापा? म्या तं वर आलीच नाई. दाराले कडी नोती का तुमच्या?"

होती. आतून. वरची कडी, अन्वीचा हात पोचत नाही अशी. अंघोळीला जाताना मीच लावली होती आणि जिन्यात यायला मीच काढली होती.

मी घरात येऊन सगळं तपासलं. बाबांसारखं. पुठ्ठा जागच्या जागी. मच्छरजाळ्या धड. कूलरच्या जाळीचे खिळे बसलेले. गॅलरीच्या जाळीचा एकही दोरा तुटलेला नाही. फ्रिजमध्ये जे काल होतं ते तसंच होतं.

दुपारी मी किचनमध्ये कुकर लावत होते. खोलीतून एक बारीक आवाज आला. घाईचा, भुकेला, एकाच सुरातला. तो आवाज मी ओळखते. वळचणीला पिल्लं झाली की त्या घरासमोरून मी जात नाही.

मी दारातून पाहिलं. अन्वी चटईवर बसली होती, एकटी. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, आणि तोंड उघडलेलं — आपण डॉक्टरपुढे उघडतो तसं नाही, त्याहून खूप मोठं. आतलं सगळं लाल दिसत होतं. तिच्यासमोर कोणी नव्हतं. मग आवाज थांबला, घसा हलला, गाल फुगले आणि ती शांतपणे चावायला लागली.

मी तिला धरलं आणि तिच्या तोंडात बोट घातलं.

आत लगदा होता. कोमट. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची आंबट भाजी, कोणीतरी आधीच चावून बारीक केलेली. बोट बाहेर काढलं तर लाळेची तार आली, लांब, तुटेना. अंबाडीच्या पानाची एक शीर माझ्या नखात अडकली. माझ्या घरात ज्वारीचं पीठ नाही, मला भाकरी येतच नाही. काकूंकडे त्या दिवशी खिचडी होती, कुकरच्या वासावरून मला माहीत होतं. आणि त्या लगद्याला वरून आणखी एक वास होता... पंखांखालचा, उबट, उन्हात तापलेल्या धुळीसारखा.

मी बेसिनपर्यंत पोचलेच नाही. मोरीपाशीच ओकले.

मागून अन्वी म्हणाली, अगदी स्पष्ट, तोंड रिकामं होतं म्हणून, "काऊनं देल्लं. तू त्याचा घास कचऱ्यात टाकते ना. मंग तो त्याचा मले देते."

तेव्हा मला कळलं. सकाळपासून ती मला "का" असं विचारत नव्हतीच. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होती.

तिला ताप नव्हता, ती घाबरलेली नव्हती. ती मजेत होती. आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. ताईनं विश्वासानं दिलेली पोर, आणि तिला दुसरं कोणीतरी आपल्या तोंडातलं भरवतंय, माझ्याच घरात, मी एक घास भिंतीवर ठेवू शकत नाही म्हणून.

मी कात्री घेतली. गॅलरीचं दार उघडून थेट जाळीपाशी गेले. जाळीला सरळ भोक पडेना, वाकडंतिकडं फाटलं. त्या भोकातून वरण-भाताचा घास गॅलरीच्या बुटक्या भिंतीवर ठेवला. म्हणायचं ते पुटपुटले. अन्वी माझा कुर्ता ओढून म्हणाली, "मोठ्यानं म्हन."

"हा घास काऊचा."

तो लगेच आला, जणू जवळच कुठे बसलेला होता. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मी डोळे मिटले नाहीत, कारण अन्वी माझ्याकडे पाहत होती. करड्या मानेवरची विस्कटलेली पिसं, चोचीच्या मुळाशी ते ताठ केस. त्यानं भात उचलला, मान वर केली, आणि तो घास पिसांखालून खाली उतरताना मला दिसला. मग चोच पुसली. एकदा या बाजूनं, एकदा त्या. माझ्या भिंतीला.

अन्वीनं आत येऊन ताटभर वरण-भात खाल्ला. माझ्या हातानं. पुढचे नऊ दिवस तिन्ही वेळा तसंच. चटईवरचा तो प्रकार परत झाला नाही. ताईचं बीपी उतरलं, तिला घरी सोडलं, पुढे वेळेवर मुलगा झाला. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

काकूंना अर्धवट सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोनाचा तरी पितर असन." मी म्हणाले, आमच्यात पितर नसतात. "तुमच्यात नसन," काकू म्हणाल्या, "कावळ्याइले काय मालूम तुमच्यातलं?"

बटन मी खूप शोधलं. कूलरच्या टाकीत भाकरीचे तुकडे सापडतात का पाहिलं. कावळे भाकरी पाण्यात भिजवतात, हे वाचलं. अन्वीनं डब्यातला घास पाहिला असेल, मान्य. पण आतून कडी लावलेल्या, सगळीकडून जाळी मारलेल्या खोलीत चावलेली भाकरी कुठून येते, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर कळवा. फक्त पक्ष्यांचे फोटो पाठवू नका.

इथेच थांबणार होते. पण निम्मं लपवून लिहिण्यात अर्थ नाही.

अन्वी गेल्यावर मी जाळी परत शिवून घेतली. भोक बुजलं, घास ठेवणं बंद. जूनमध्ये मला ताप आला. दोन दिवस अंथरुणातच होते, काही करून खायची ताकद नव्हती आणि काकू गावाला गेलेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मान अवघडल्यामुळे जाग आली. मी बसलेली होते. मान मागे टाकलेली. तोंड उघडं, जबडा दुखेपर्यंत.

जिभेवर अंबाडीची आंबट चव होती. कोमट. मीठ बरोबर पडलेलं.

मी थुंकले नाही. भूक लागली होती. मी गिळलं.

मग उठले, आणि चूळ भरायच्याही आधी कात्री शोधली.