अव्वासाठी बांधलेली पुस्तकं

माझ्या सासूबाईंना घरात सगळेच अव्वा म्हणतात. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, तिथली बोली कानडी. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडीच. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर एसटीवरच्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड वाचत वाचत त्या मराठी शिकल्या, आणि पुढे वाचनालयातल्या जाडजूड कादंबऱ्यांवर आल्या. दुपारची जेवणं झाली की त्या खिडकीजवळच्या दिवाणावर पुस्तक घेऊन बसायच्या. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मी मोहोळकडची, शेतकऱ्याच्या घरातली. मला वाचनाची गोडी कधी लागली नाही. लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या हाताला काम लागतंय, माझ्या डोळ्याला पुस्तक." ते कौतुक होतं की टोमणा, हे मी कधी विचारलं नाही.

एक दिवस गॅलरीत उभ्या राहून त्यांनी मला हाक मारली. "अगं, समोरचा लाइटचा खांब कुणी वाकिवला?"

मी येऊन बघितलं. खांब सरळ होता.

तिथून सुरुवात झाली. पुस्तकातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग ओळीच्या मधोमध डाग यायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. इंजेक्शनं देऊन बघू, पण गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील.

"ते असू दे," अव्वा म्हणाल्या. "वाचता येईल का न्हाय, तेवढं सांगा."

"अक्षर मोठं असेल तर काही दिवस येईल, आजी."

मोठ्या अक्षराचं पुस्तक कुठं मिळतं? वाचनालयात विचारलं, तर त्यांनी लहान मुलांच्या चित्रांच्या गोष्टी दाखवल्या. शेवटी मी ज्या कॉलेजच्या ऑफिसात काम करते, त्याच्या समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मार्ग काढला. छापील अर्धं पान मोठं करून एका पूर्ण कागदावर घ्यायचं. मागची शाई उमटून गोंधळ नको म्हणून कागदाची एकच बाजू वापरायची. म्हणजे एका पुस्तकाचे चार-पाच गठ्ठे व्हायचे.

पहिल्या गठ्ठ्यांना स्पायरल लावून आणलं. त्या तारेत अव्वांच्या पदराचे दोरे अडकायला लागले. मग एका बाइंडरकडे दिलं. त्यानं पंधरा दिवस ठेवून घेतलं आणि इतकं घट्ट शिवलं की पुस्तक मांडीवर सपाट उघडेना. आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत गेली. वर जाड पुठ्ठा. अव्वांचे गुडघे दुखायला लागले.

"तूच बांध की घरी," आमचे मिस्टर म्हणाले. "मोबाइलवर सगळं शिकवतात." हे टॉवेलच्या कारखान्यात विक्रीचं काम बघतात. आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतात. सल्ला देऊन ते दुसऱ्या दिवशी हुबळीला निघून गेले. मुलगा पुण्यात नोकरीला. उरले मी.

तेव्हापासून माझे रविवार गेले. सकाळचा स्वयंपाक, आठवड्याचे कपडे, पाण्याचा दिवस असला तर भरून ठेवायचं, आणि मग जेवणं आटोपली की बैठकीत चटई टाकून मी गठ्ठा घेऊन बसायचे. कागद टेबलावर ठोकून ठोकून कड एका रेषेत आणायची. दोन फळ्यांमध्ये धरून वर पाटा ठेवायचा. हो, वाटायचा दगडी पाटा. मिक्सर आल्यापासून तो माळ्यावर पडून होता, तो मीच खाली उतरवला आणि उतरवतानाच पाठीत पहिली कळ आली. मग गठ्ठ्याच्या शिवणीकडच्या कडेवर पॉलिश पेपर घासून ती खरबरीत करायची, ब्रशनं डिंकाचा हात द्यायचा, त्यावर पातळ सुती कापडाची पट्टी, पुन्हा डिंक. मुखपृष्ठाला ह्यांनी आणलेल्या टॉवेलच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा. भाग कितवा ते अव्वांना बोटांनी कळावं म्हणून पुठ्ठ्यावर जाड दोऱ्याचे टाके घालायचे. पहिल्या भागाला एक, दुसऱ्याला दोन.

ऐकायला सोपं आहे. उन्हाळ्यात आमच्याकडं डिंक लावून पट्टी उचलेपर्यंत डिंक सुकतो. पंखा लावला तर कागद उडतात, बंद केला तर घामाचे थेंब पडतात. बोटांना चिकटलेला डिंक घासून काढायला पाणी लागतं, आणि पाणी चार-पाच दिवसांनी येतं. सोमवारी ऑफिसात सही करताना बोटांच्या टोकांवरून डिंकाचे पापुद्रे निघायचे. मान आखडलेली असायची. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणायची, "छान छंद आहे गं तुझा." छंद म्हणजे काय, हे मला त्या वर्षात नीट कळलं. ज्यातून आपल्याला उठून जाता येतं, तो छंद.

अव्वा मात्र वाचत होत्या. एका हातात भिंग, मांडीवर मी बांधलेलं बाड. मान तिरकी करून, कडेच्या नजरेनं. ह्यांची एक चांगली सवय आहे. घरी असले की रात्री जेवताना विचारायचे, "अव्वा, गोष्टीत आज काय झालं?" आणि अव्वा सांगायच्या. त्या वेळी एक कौटुंबिक कादंबरी चालू होती, मोठ्या घरातल्या चार भावांची. सुरुवातीला त्या सांगायच्या ते भांडणतंटे, कोर्टकचेऱ्या. नंतर नंतर गोष्ट त्या घरातल्या धाकट्या सुनेवर आली. एक दिवस तिनं घर सोडलं. परगावी जाऊन एका शाळेत नोकरी धरली. एक खोली भाड्यानं घेतली. तिथं ती एकटीच राहते, सकाळी एकदाच भाकरी करते आणि दोन वेळा खाते.

"नवऱ्याचं काय मग?" ह्यांनी विचारलं.

"त्यो हाय की तितंच. भावांत."

"बघायला जात नाही तिला?"

"येतो म्हनला हुता. ती नगं म्हनली."

मी ताटं उचलत ऐकायचे. मला वाटायचं, लेखकानं बरं लिहिलंय. आणि मनात यायचं, ही गोष्ट लवकर संपू दे, म्हणजे मधे एखादा रविवार मोकळा मिळेल. पण अव्वा एक भाग संपला की म्हणायच्या, "झालं. फुडचं दे."

चैत्रातली गोष्ट. तिसऱ्या भागातलं एक पान सुटून दिवाणाखाली पडलं होतं. उष्म्यानं डिंक कडक होऊन तडकला होता. अव्वा देवासमोर बसल्या होत्या. पान परत चिकटवावं म्हणून मी ते बाड उचलून उघडलं, आणि आतली सगळी अक्षरं डोक्यावर उभी दिसली. मी मुखपृष्ठ पाहिलं. ते बरोबर होतं, तीन टाके वरच्या कोपऱ्यात. आतला अख्खा गठ्ठा उलटा लागला होता. त्या रविवारी मला ताप होता. गोळी घेऊन बसले होते, ते आठवलं. अशी चूक कुणाच्याही हातून झाली असती. पण हा भाग अव्वांनी आठवडाभर मांडीवर घेतला होता. वाचून झाला म्हणून परत दिला होता. धाकट्या सुनेची नोकरी, खोली, एकदाच केलेल्या भाकऱ्या, सगळं ह्याच भागातलं होतं.

मी खाली बसले. बाड फिरवून सरळ धरलं आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच कादंबरीची वीसेक पानं एका दमात वाचली. त्यात बांधाची मोजणी होती, तलाठी होता, थोरल्या भावाचं आजारपण होतं. धाकटी सून एका जागी चहा घेऊन आली आणि गेली. बाकी तिच्याबद्दल काही नव्हतं.

आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. किती रविवार मी त्या चटईवर घालवले होते. माझी मान, माझी पाठ. अव्वा देवघरातून भिंत धरत आल्या तेव्हा मी सरळच विचारलं.

"अव्वा, तुम्हाला वाचता येत नाही का आता?"

त्या दिवाणावर बसल्या. पदर नीट केला.

"कुनी सांगितलं?"

"पुस्तक उलटं बांधलंय मी. सगळंच्या सगळं."

"व्हय?" त्या म्हणाल्या. मग, "मला काय कळनार ते."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतंय की. कडंनं दिसतंय. हितं तू बसलीस ते दिसतंय, तुजं तोंड न्हाय दिसत." त्यांनी हातानं स्वतःच्या चेहऱ्यासमोर गोल फिरवून दाखवलं. "अक्षर संक्रांतीपासनं गेलं."

"मग सांगायचं नाही का मला? मी इकडं दर रविवारी मर मर मरतेय."

"मला वाटलं तुला आवडतंय."

"मला?"

"आनि काय. तेवढा वेळ तू गप असतीस. कुनी हाक मारत न्हाय तुला. कागूद ठोकतीस, डिंक लावतीस. मी म्हनलं, बाईला एवढंच एक काम मनाचं मिळालंय. मी नगं म्हनलं तर तेबी जाईल."

मला हसू आलं. "माझ्या मानेला विचारा, मनाचं आहे का ते. तुमच्यासाठी करत होते मी."

"आनि मी तुज्यासाठी धरून बसत हुते. त्ये काय हलकं हाय व्हय? मांडी भरून येती की."

बाहेर भंगारवाल्याची गाडी कर्ण्यावर ओरडत गेली. मग त्या म्हणाल्या, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. रागात म्हणतात तसं नाही, पोट भरल्यावर ताटावर हात आडवा धरून म्हणतात तसं.

मी पाटा भिंतीला टेकवून ठेवला. उचलून माळ्यावर टाकायचं त्राण नव्हतं.

"ती एकटी राहणारी सून," मी विचारलं, "ती कुठून आणली?"

"कुटनं आननार. बसल्या जागी येतंय डोक्यात." आणि जरा थांबून, "लई येळ असतोय दुपारचा."

त्या सुनेत त्या होत्या की मी होते, हे काही मी विचारलं नाही. रात्री हे घरी नव्हते, म्हणून पुढची गोष्टही निघाली नाही.

मुलानं मोबाइलवर ऐकायची पुस्तकं लावून दिली. दोन दिवस अव्वांनी ऐकली. "ह्यो मानूस लई घाईत हाय. बायामानसांचा आवाज काडतो नाकातनं," म्हणाल्या आणि बंद करायला लावलं. मी वाचून दाखवायचं ठरवलं, पण ऑफिसातून येऊन पुस्तक धरलं की दुसऱ्या पानावर माझ्या पापण्या जड व्हायच्या. एकदा मी वाक्याच्या मध्यातच झोपले. जागी झाले तेव्हा अव्वांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलेलं होतं. तेही तिथं थांबलं.

पुढं पावसाळ्यात इंजेक्शनाच्या वेळेला दवाखान्यात गेलो होतो. बाकावर शेजारी कुंभारीकडचे एक निवृत्त मास्तर बसले होते, बायकोबरोबर. त्यांनाही तोच आजार, पण सुरुवातीचा. मोठं अक्षर असेल तर वाचता येतं, पण मिळत नाही, अशी त्यांची तक्रार चालली होती. अव्वांनी मान वळवली.

"आमच्यात हायत की. लई हायत. आमच्या सूनबाईनं घरी बांधल्यात. बाजारात मिळनार न्हाईत असली."

इतक्या वर्षांत परक्या माणसासमोर माझ्याबद्दल असं काही त्या बोललेल्या मला आठवत नाहीत. मी औषधाच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

पुढच्या रविवारी मास्तर मुलाच्या गाडीवरून आले आणि सगळी बाडं दोन गोण्यांत भरली. मुलगा गोण्या खाली गाडीवर बांधायला गेला. उलट्या भागाची हकीकत मी आधीच सांगितली. "उलटा धरून वाचीन की," ते हसून म्हणाले. दाराशी गेल्यावर ते थांबले, चाचरले. "ताई, एक विचारू? आमच्याकडं दोन-चार पुस्तकं आहेत. कागदाचं आम्ही बघू. तुम्ही नुसती बांधून दिलीत तर..."

मी "बघू" म्हणायला तोंड उघडलं होतं. तोंडाला तीच सवय आहे. दिवाणावरून अव्वा म्हणाल्या, "तिला नगा सांगू, मास्तर. ती दमती."

ह्या घरात मला येऊन सत्तावीस वर्षं झाली. हे वाक्य मी इथं पहिल्यांदा ऐकलं.

"हो," मी म्हणाले. "मी आता बांधत नाही. पण कसं बांधायचं ते सांगते, तुमच्या मुलाला या म्हणावं वर."

मुलगा आला. मी त्याला फळ्या, कापडाच्या पट्ट्या, उरलेला डिंक, सगळं देऊन टाकलं. त्यानं मोबाइलवर काय काय लिहून घेतलं. ते गेल्यावर जेवणं झाली आणि मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. पाच मिनिटांसाठी म्हणून. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. मानेखाली कुणीतरी उशी सरकवली होती. स्वयंपाकघरात अव्वा चाचपडत चहा करत होत्या. अर्धा ओट्यावर उतू गेला होता आणि उरलेला इतका गोड झाला होता की दातांना लागत होता. मी तो सगळा प्याले, मग फडकं घेऊन ओटा पुसला.