केलटी हाकायची हाळी

निवृत्तीनंतर माणसानं करायचं काय, याची आमच्या घरात दोन उत्तरं आहेत. आमचे हे पेपर वाचतात, आणि एवढा वेळ पेपर कसला वाचता म्हणून मी चिडते. आयुष्यभर शाळेच्या घंटेवर उठबस केलेली. घंटा थांबली तरी पाय काही थांबेनात. रत्नागिरी शहरापासून जरा बाहेर, कातळावर आमची हापूसची कलमं आहेत आणि बागेतच घर आहे. पण बागेत माझं काही चालत नाही. फवारणी ह्यांच्याकडे, राखण नेपाळी जोडप्याकडे. मी आपली बागेच्या या दगडी गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत फेऱ्या मारायची आणि वाटेत दिसेल त्याला काहीतरी बोलायची.

अशात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. नेपाळात डोंगरातल्या एका गावी एक गृहस्थ आणि त्यांची बायको मिळून लहानसा अनाथाश्रम चालवतात, पंधरा-सोळा मुलं आहेत, आठवड्यातून एकदा व्हिडिओवर इंग्रजी शिकवाल का, असं ती विचारत होती. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस काही फिटत नाही तुझी."

"भाकऱ्या मी भाजत्ये, तुम्हाला कशाला चटका बसतोय?" मी म्हटलं.

मोठ्या संस्थांवर माझा विश्वास नाही. गुळगुळीत कागदावर हसरी मुलं छापून आली की मला आधी त्या कागदाचाच राग येतो. ही संस्था मात्र अगदी लहान. संस्थाचालक स्वतः फोनवर बोलायचे, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, मुलं त्यांना बाबा म्हणायची. मध्येच ते "एक मिनिट हं मॅडम" म्हणून गॅस बंद करायला जायचे. मी त्या शिट्ट्यांवर विश्वास ठेवला. आपल्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा बायका काहीतरी निमित्त काढून आत जातात, कारण बैठक कुणालाही सजवता येते आणि स्वयंपाकघर खोटं बोलत नाही.

आमच्या भजनी मंडळातल्या बायकांनाही मी भरीस घातलं. तिकडे थंडी फार, म्हणून स्वेटर गोळा केले. रत्नागिरीत स्वेटर म्हणजे मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा घेतलेली आणि नंतर कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत पडून राहिलेली वस्तू. एक मोठं खोकं भरलं. माझ्या शब्दावर भरलं, हे इथं सांगायला हवं.

पहिला तास मला लख्ख आठवतो. आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या टोकाला येते, तिथं खुर्ची टाकून बसले होते. पडद्यावर मुलं एकेक करून उभी राहिली, हात मागे बांधून, आणि सगळ्यांनी इंग्रजीत एकच वाक्य म्हटलं: माझे आईवडील या जगात नाहीत, तुमच्या दयेबद्दल मी आभारी आहे. पाढे म्हणावेत तशा एका सुरात म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण शिक्षकाचा कान डोळ्यांच्या आधी काम करतो. दोन वेण्या घातलेली, नऊ-दहा वर्षांची एक मुलगी त्या वाक्यात अडखळत होती. मी तिला थांबवलं. शब्द तोडून सांगितले, पुन्हा म्हणायला लावलं, परत पुन्हा. मुलगी हुशार. शेवटी तिनं ते वाक्य इतकं स्वच्छ म्हटलं की मी टाळ्या वाजवल्या. तिला टाळ्या आवडल्या. त्यानंतर उत्तर बरोबर आलं की ती हात मागे बांधून उभीच राहायची, मी टाळ्या वाजवेपर्यंत खाली बसायची नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या आणि केलटी यायला लागली. केलटी म्हणजे आमच्याकडची लालतोंडी माकडं. एकदा कलमावर उतरली की खातात थोडं आणि नासतात फार. त्यांना हाकणं हे राखणदाराचं मुख्य काम, आणि हाकायची हाळी प्रत्येकाची वेगळी. आमचा राखणदार दोनदा ओरडून एकदा डबा वाजवतो. वरच्या अंगाच्या बागेतला शीळ घालतो. आवाज आला की घरात बसल्या बसल्या कळतं, आज कोणाच्या बागेत उतरली.

त्या शनिवारी तास चालू असताना ती नेमकी पडवीसमोरच्या कलमावर आली. राखणदार पार खालच्या अंगाला होता. मी उठून हातवारे केले, चप्पल भिरकावली, पदर सावरत ओरडले. पडद्यावरची मुलं हसून लोळायला लागली. तेवढ्यात ती वेण्यांवाली ताडकन उठली आणि ओरडली, "केलटी! केलटी!" मग तोंडाशी हात नेऊन तिनं एक हाळी दिली. उंच, लांबलचक, मध्येच तुटलेली. बाकावर तीनदा थापटी मारली आणि परत तशीच हाळी दिली.

माकडं गेली का राहिली, मला ठाऊक नाही. मी पडद्याकडे बघत उभी होते. केलटी हा शब्द पुण्याच्या माणसाला सांगितला तर तो तोंडाकडे बघतो. नेपाळच्या डोंगरातल्या मुलीला तो कुठून आला?

"हे कुठं शिकलीस गं तू?" मी हिंदीत विचारलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. फोनच्या बाजूला, जिथं बाबा उभे असायचे, तिथं बघत होती. "आय डोन्ट नो, मिस," म्हणाली आणि टाळ्यांची वाट न बघता खाली बसली.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नाही. जेवताना उठायची, झोपाळ्यावर बसले की उतरायची. शेवटी मुलांचा एक फोटो घेऊन आमच्या राखणदाराच्या बायकोकडे गेले. ती खोपीसमोर वाळक्या पानांचा पातेरा गोळा करत होती. तिनं हात पुसले, फोटो मोठा करून बघितला आणि लगेच म्हणाली, "ही आमच्या गावची पोरगी हाय बाई. आई तिची नदीपलीकडे बागेत राखणीला हाय ना."

"आई आहे हिला?"

"आई हाय, बाप हाय. दोन्ही हाय."

"मग अनाथाश्रमात कशी?"

"अनाथ नाय बाई, होस्टेल." तिनं मलाच समजावलं. गावात एक माणूस आला होता, इंग्रजी शाळा म्हणाला. दसऱ्यापासून पावसापर्यंत ही माणसं इकडे, पावसात तिकडे. पोरांची शाळा ना इकडची होते ना तिकडची. म्हणून त्यांनी मुलगी दिली. सारखा फोन करू नका, पोर रडते, अभ्यास बिघडतो, असं सांगितलं होतं. पावसात गावी गेल्यावरही भेटू दिलं नव्हतं. आईनं दोन वर्षं मुलगी पाहिली नव्हती.

योगायोग म्हणावा तर तसाही नाही. नेपाळी माणूस नाही अशी बाग आता आमच्याकडे शोधावी लागते. ह्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." एरवी अशा वेळी ते हसतात. त्या दिवशी हसले नाहीत.

मी संस्थाचालकांना फोन लावला. नमस्कार वगैरे न करता विचारलं, "मुलीचे आईवडील जिवंत आहेत, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

मागे कुकर होताच. ते गॅस बंद करायला गेले नाहीत. "मॅडम, तिचे आईवडील आठ महिने तुमच्या झाडांखाली असतात," ते शांतपणे म्हणाले. "इथं तिला जेवायला कोण घालतं? मी."

"मग तसं सांगा. मेले म्हणून काय सांगता? मुलीच्या तोंडून वदवता!"

"राखणदाराची मुलगी आहे असं सांगितलं असतं, तर तुम्ही शिकवायला आला असता?"

मी फोन आपटला. राग त्या माणसाचा आला की त्याच्या प्रश्नाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो चोर असता तर बरं झालं असतं. पण मुलांच्या अंगावर धुतलेले कपडे असत, गाल भरलेले असत, आणि त्यातल्या काही मुलांना खरोखरच कोणी नव्हतं. बोभाटा करावा तर त्यांच्या ताटातलं जातं. गप्प बसावं तर ही मुलगी दर पाहुण्यासमोर हात मागे बांधून आपल्या आईला मारणार. मी गडग्यापर्यंत जाऊन परत येई, परत जाई.

मग मी आईला बोलावलं.

भांडण झालं तरी तास त्यांनी बंद केला नव्हता. शनिवारी सकाळी आमच्या राखणदाराची बायको तिला घेऊन आली. बारकीशी बाई, केसांना तेल लावून, धुतलेली साडी नेसून आलेली, जणू शाळेत पालकांना बोलावलं आहे. मी तिला मुलगी छान आहे, खूप हुशार आहे, एवढंच सांगितलं. ते वाक्य काही सांगता आलं नाही. आई दिसली तर तिकडून फोन बंद करतील, अशी मला धास्ती होती. म्हणून तिला खांबाआड पायरीवर बसवलं आणि म्हटलं, आधी आवाज ऐक, मग मी हळूच समोर आणते.

मुलगी धडा वाचायला उभी राहिली. आवाज कानावर पडला तशी बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. चार ओळी झाल्या असतील, ती उठली आणि सरळ कलमांत निघून गेली. मला वाटलं रडायला गेली. मी मुलांना पुढचं पान काढायला सांगत होते, तेवढ्यात बागेतून हाळी आली. उंच, लांबलचक, मध्येच तुटलेली. पत्र्याच्या डब्यावर तीन ठोके. परत तीच हाळी.

बागेत तेव्हा एकही केलटं नव्हतं.

पडद्यावर मुलीच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. तिनं बाकावर तीनदा थापटी मारली आणि मान वाकडी करून ऐकत राहिली. परत डबा वाजला, परत तिनं थापटी मारली. मग कुणाचा तरी हात पडद्यावर आला आणि सगळं काळं झालं. त्यानंतर आमचा तास कधी झाला नाही, माझे फोनही कुणी उचलले नाहीत.

बाई दुसऱ्याच दिवशी निघाली. ऐन आंब्याचा मोसम, त्यांचा बागवाला कुरकुरला, पण नवऱ्याला राखणीला ठेवून ती गेलीच. मी भजनी मंडळात सगळं सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी दिलं होतं, तेव्हा ऐकून घ्यायची तयारी करूनच गेले होते. एक जण म्हणाली, "म्हणजे फसवलंनीच की आपल्याला!" दुसरी जरा वेळानं म्हणाली, "अगो, पण पोरांना थंडी तर खरीच वाजत असेल ना?" यावर पेटीवालीनं पुढचा अभंग धरला.

मी रोज सकाळी गडग्याशी जाऊन नदीपलीकडे कान लावायची. तिथून तिच्या नवऱ्याची हाळी यायची, बसक्या आवाजाची. बाई पोचली का, मुलगी दिली का, नाही दिली तर काय, विचारायचं कुणाला? ह्यांनी पेपर वाचणं सोडून माझ्या फेऱ्या बघणं सुरू केलं. एकदा नुसतं म्हणाले, "येईल गो." मी त्यांच्यावरही खेकसले.

आंबे पेंढ्यात घालायचे दिवस होते. दुपारची मी पडवीत फळं निवडत होते आणि पायरीशी कोणी खोकलं. बाई उभी होती, आणि तिचा पदर धरून मुलगी. पडद्यावर मी तिला कमरेपर्यंतच पाहिलेली. प्रत्यक्षात ती चांगलीच उंच होती. अंगात, त्या मे महिन्याच्या उकाड्यात, आमच्या खोक्यातला निळा स्वेटर. काढायला तयार नाही, असं आई हसत म्हणाली. मुलगी कशी मिळाली, काय बोलणं झालं, हे मी विचारत होते. बाईला त्यातलं काही सांगायचं नव्हतं. तिला मला मुलगी दाखवायची होती.

"टीचरला इंग्लिस बोलून दाव," ती मुलीला म्हणाली.

मुलीनं पदर सोडला. ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि बोलली. माझे आईवडील या जगात नाहीत. तुमच्या दयेबद्दल मी आभारी आहे. एकही अक्षर चुकलं नाही. मी जसं तोडून शिकवलं होतं तसंच, स्वच्छ.

आईचा चेहरा नुसता फुलून आला होता. "काय बोलली बाई? चांगलं बोलली ना?"

माझ्या हातातला आंबा हातातच राहिला. मुलगी हात मागे बांधून उभीच होती, मी टाळ्या वाजवायची वाट बघत.