घडीतली अर्धी बाही

ऐक गं, फोन ठेवू नकोस. मावशीला जुना लॅपटॉप देऊन गेलीस, प्रोग्रॅमच्या ओळी लिहून पडद्यावर चौकोन काढायला, तो माऊसनं ओढायला शिकवलंस, आणि मग फोन न्हाई का खबर न्हाई. असं असतंय का?

बाकीचं मी मोबाईलवर बघून बघून, वहीत उतरवून शिकले. जन्मभर इथं पिंगळीत ब्लाउज शिवले. म्हटलं, पाठ, पुढचे भाग, बाह्या पडद्यावर काढाव्यात, माऊसनं धरून कापडावर मांडाव्यात, बसतंय का बघावं, मगच कात्री. तुकडे एकमेकाला लागले तर लाल, न्हाई तर हिरवे.

तेवढ्यात गल्लीतल्या एकीनं ब्लाउजपीस आणला. तिच्या गेलेल्या आईच्या साडीतला, जपून ठेवलेला. लेकीचं लग्न. "काकू, कोपरापर्यंत बाही पाहिजे म्हणती. निघंल का?"

तिची मापं घालून तुकडे पडद्यावर मांडले, सगळे हिरवे. मी म्हटलं, "निघंल. बिनघोर जा."

दुसऱ्या दिवशी खडू काढला, कात्रीला धार लावली. एकदा शेवटचं बघावं म्हणून बाही धरायला गेले, तर हलंना! बाहीच्या डाव्या अंगाला माऊस दाबला की येती, उजव्या अंगाला दाबला की ढिम्म. माऊस पदरानं पुसला, त्याचा सेल बदलला. तेच.

ती बाई दारात येऊन बसलेली. "काकू, तुमचं यंत्र रुसलं जणू! लावा की कात्री."

मी कात्री खाली ठेवली. बाही कुठं हाय तेच ह्याला मालूम न्हाई, तर कालचं हिरवं कशाच्या भरवशावर होतं?

वही उघडली. आमी कापड घडी घालून कापतो बघ. बाही अर्धीच आखायची, घडी उलगडली की पुरी. त्या सवयीनं मी रुंदी अर्धीच लिहिलेली. चित्र पुरं काढलं होतं, पण माऊस तुकड्यावर हाय का, तुकडे एकमेकाला लागतात का, ह्या दोन्ही ओळींत माप अर्धं. पडद्याला कुठली आलीय घडी?

माप दुप्पट केलं. बाही पटकन धरली गेली, आणि तिच्यासंगं पाठही लालभडक झाली. पाठीखाली बाही दोन बोटं दबलेली. पाठ वरून रंगवलेली, म्हणून दिसली न्हाई.

"लाल का झालं हो?"

खरं ते सांगितलं. ती कापडाच्या काठावरून हात फिरवत म्हणाली, "दुसरं मिळायचं न्हाई, काकू."

बाही दुसऱ्या टोकाला सरकवली, तर हिरवं झालं. पण मधे नखाएवढीच जागा उरली. त्याच मापांचे कागद कापून कापडावर ठेवून बघितले, बसतात. पण बसतंय असं तर मी कालबी म्हटलं होतं! अजून कुठली घडी माझ्या डोक्यात राहिली असंल, ह्याच फिकिरीनं जेवण गोड लागंना.

कापड पेटीत तसंच हाय. लग्न जवळ आलंय. ह्याच रविवारी ये गं बाई, गाडी थांबती इथं. तू वहीतल्या ओळी वाच, मी कागद धरते. तू हो म्हणलीस की मगच कात्री लावते. ये लवकर.